मीठ बघणारी

आमच्या घरात चहा येतोय हे आधी कानांना कळतं, मग नाकाला. मी कपबशी घेऊन स्वयंपाकघरातून निघाले की कप बशीवर वाजायला लागतो आणि बाहेरच्या खोलीत आमचे हे वर्तमानपत्राची घडी घालून गुडघ्यांवर रुमाल पसरतात. सुरुवातीला ते धावत यायचे आणि कप माझ्या हातून काढून घ्यायचे. एकदा मी खडसावलं, थरथरतो तो हात, पाय नव्हे, चहा मीच आणणार. तेव्हापासून रुमाल आला. आता कप अर्धाच भरायचा आणि दोनदा प्यायचा असं ठरलंय. पाहुण्यांना वाटतं आम्ही कंजूष आहोत.

हा थरथराट गोळीचा. मन ताळ्यावर ठेवणारी एक गोळी मी रोज घेते, आणि ती मन ताळ्यावर ठेवते हे मी देवाशपथ सांगेन, पण त्याचा मोबदला ती इतर अवयवांकडून वसूल करते. तहान तर इतकी की शाळेत मी पर्स विसरेन पण पाण्याची बाटली विसरत नाही, आणि आचोळ्यापासून वसई गावापर्यंत कुठल्या हॉटेलवाल्याला काय सांगितलं की तो मागची मोरी वापरू देतो, हे मला पाठ आहे. फळ्यावर लिहिते तेव्हा दुसरीतली पोरं म्हणतात, बाई, आज तुमचा क नाचतोय. नाचू दे म्हटलं, तुम्ही सरळ काढा.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं. जीभ गेली तेव्हा मात्र ओट्याशी उभी राहून रडले. कारण माझी जीभ नुसती माझी नव्हती, ती आख्ख्या गावाची होती.

माझं माहेर खाडीकाठचं. पूर्वी घरची थोडी भातशेती आणि पलीकडे मिठागर. वडील मिठागरावर कामाला होते. मिठाचा खडा जिभेवर ठेवून तो कुठल्या वाफ्यातला ते सांगायचे, आणि आम्ही पोरं मुद्दाम खडे बदलून त्यांना फसवायला जायचो, कधी फसले नाहीत. त्यामुळे गावात कुणाकडेही लग्न असो, बारसं असो, पंगत बसण्याआधी आचारी केळीच्या पानाच्या तुकड्यावर आमटी घेऊन वडिलांपुढे यायचा. वडील त्या दिवशी सकाळपासून पाण्याशिवाय काही तोंडात घालायचे नाहीत. चाखायचे, डोळे मिटायचे, आणि एकतर मूठ दाखवायचे, म्हणजे एवढं मीठ आणखी घाल, नाहीतर म्हणायचे, "बसू द्या पंगत." एकदा ते म्हणाले की पंगतीत कुणी वरून मीठ मागणं हा त्या घराचा अपमान. नवरामुलगा पळून गेला तरी चालेल, मीठ मागायचं नाही.

वडील गेल्यावर हा मान माझ्याकडे आला. दादाची जीभ तंबाखूने कामातून गेलेली. मी लग्न होऊन आचोळ्याच्या फ्लॅटात आले तरी गावात कार्य निघालं की पत्रिकेच्या आधी फोन यायचा, बाय, तारीख लिहून ठेव. पैठणी नेसून चुलाणाच्या धुरात उभं राहायचं आणि शंभर माणसांनी आपल्या तोंडाकडे बघायचं, यातलं सुख मी नोकरीत कधी अनुभवलं नाही. मुख्याध्यापिका झाले असते तरी माझ्याकडे असं कुणी बघितलं नसतं.

आता गोळी का सुरू झाली ते सांगायला हवं, म्हणजे आमच्या बिल्डिंगमधल्या लोकांनी सांगितलेली आवृत्ती तुम्हाला ऐकावी लागणार नाही. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत मला झोप लागेनाशी झाली. त्याचा त्रास काहीच नव्हता, उलट अंगात असा उत्साह की काय विचारता. पहाटे उठून (म्हणजे झोपलेलीच नसताना उठून) मी पडदे धुवायची, व्याकरणाचे तक्ते बनवायची आणि बोलायची. फार बोलायची. अशाच एका सकाळी मला लख्ख दिसलं की आपल्या भागातली मिठागरं बंद पडत चालली याला एकच उपाय, ती गच्चीवर न्यायची. प्रत्येक बिल्डिंगच्या गच्चीवर एक मिठागर. ऊन फुकट, वारा फुकट, पाणी खाडीत हवं तेवढं.

दादाचा मंडप आणि खुर्च्या भाड्याने द्यायचा धंदा आहे, म्हणजे टेम्पो घरचाच. त्याला सांगितलं, शाळेचा प्रकल्प आहे. तो बिचारा कॅन भरभरून खाडीचं पाणी आणून देत राहिला. मी विटांचे बांध घातले, निळी ताडपत्री अंथरली आणि वडिलांची आठवण काढून पाणी सोडलं. पहिले काही दिवस सोसायटीला वाटलं पावसाच्या पाण्याची काहीतरी सरकारी योजना आली. मग ताडपत्री फाटली. वरच्या मजल्यावर सेक्रेटरी राहतात, त्यांच्या बेडरूमच्या छताला आधी ओल आली आणि मग पांढरे पापुद्रे. त्यांनी एक पापुद्रा जिभेला लावून पाहिला. सोसायटीची तातडीची सभा झाली, तिच्यात मी खुर्चीवर उभी राहून इतका वेळ बोलले की तक्रार करायला आलेले लोक जेवायला घरी गेले.

यांनी मला दवाखान्यात नेलं ते काय सांगून, तर "डॉक्टरबाईंना तुझी मिठाची योजना ऐकायचीय." माझा नवरा रत्नागिरीकडचा, आयुष्यात खोटं बोलला असेल तर हे एकदाच. मीही नकाशा घेऊन गेले. डॉक्टरबाईंनी सगळं शांतपणे ऐकलं, नकाशासुद्धा पाहिला, आणि मग यांना विचारलं की ह्या शेवटच्या नीट कधी झोपल्या. हे तिथेच रडायला लागले. मला राग आला होता, चाललंय काय आणि हा माणूस रडतोय काय.

गंमत पुढेच आहे. मी जराशी भुईवर आल्यानंतर डॉक्टरबाई म्हणाल्या की ही जी गोळी देतेय, ती म्हणजे एक प्रकारचा क्षारच आहे, जमिनीतून निघणारा. मला वाटलं त्या माझी थट्टा करतायत. पण त्या गंभीर होत्या. अधूनमधून रक्त तपासायचं, पाणी भरपूर प्यायचं, मनानं गोळी बंद करायची नाही, आणि जेवणातलं मीठ रोजच्यासारखंच ठेवायचं. कमी नाही, जास्त नाही. मीठ एकदम कमी झालं तर शरीर ही गोळी धरून ठेवतं आणि ती अंगात साठत जाते. हे शेवटचं त्यांनी यांच्याकडे बघून पुन्हा सांगितलं. हे मान हलवत होते, जसे ते सगळ्यालाच हलवतात.

त्या दवाखान्याच्या बाकावर मला माझे नवे सोयरे भेटले. दुसऱ्या दवाखान्यांत लोक आजाराची तुलना करतात, आमच्याकडे गोळ्यांची. अर्नाळ्याची एक मासळीवाली यायची, ठसठशीत बाई, तिच्या गोळीने तिला भूक लागायची. भूक म्हणजे अशी की विकायला काढलेल्या सुकटीची टोपली बाजारात पोचेपर्यंत अर्धी व्हायची. ती एकदा मला म्हणाली, "पयले मला आभालातून लोकं बोलायची. आता कोन बोलत नाय. आता निस्तं पोट बोलतं." ते आवाज बरे होते का, असं मी विचारलं तर म्हणाली, पोट बरं, त्याला भात घातला की गप बसतं.

पापडीचे एक निवृत्त गृहस्थ होते, चर्चमध्ये गाणाऱ्यांच्या मेळ्यात वर्षानुवर्षं गाणारे. त्यांच्या गोळीने तोंडाला कोरड पडायची, मिस्साच्या ऐन मध्यावर जीभ टाळूला चिकटायची. खिशात लिमलेटच्या गोळ्या ठेवून त्यांनी त्यावर मात केली होती. पण त्यांचा खरा छंद म्हणजे औषधाच्या डबीतला तो घडी घातलेला कागद. भिंग लावून ते तो वाचायचे आणि त्यात लिहिलेलं सगळं त्यांना व्हायचं. गरोदर बायांनी घ्यायची काळजीसुद्धा ते घेत होते. मासळीवाली त्यांना म्हणायची, अंकल, कागद नका वाचू, कागदाला पन साईड इफेक्ट असतो.

त्या बाकावर मी कधी लाजले नाही. लाजायचे ते बाहेर. बाहेर आम्ही सांगितलं होतं, थायरॉईड. थायरॉईड हा आमच्याकडे घरंदाज आजार, तो नाही असं घर नाही, आणि जाड होणं, दमणं, चिडणं, सगळं त्याच्या पदरात घालता येतं. शाळेत थायरॉईड, सोसायटीत थायरॉईड, माहेरी दादा आणि वहिनीलाही थायरॉईड. गच्चीवरचं मिठागरसुद्धा थायरॉईडच्याच खाती गेलं. कुणी उलट विचारलं नाही, यावरून मला वाटलं की आपण फार हुशार आहोत.

आता जिभेचं. गोळी सुरू झाल्यावर काही महिन्यांनी तोंडाला किल्ली चोखल्यासारखी चव आली ती गेलीच नाही. गोड त्यातून जरासं डोकावायचं, तिखट झोंबायचं, पण मीठ साफ बुडालं. आधी मला ते कळलंच नाही, कारण आमच्या घरी स्वयंपाकाला परीक्षक म्हणजे हे, आणि जेवणाच्या बाबतीत यांनी जन्मभर मिठाची गुळणी धरलेली. काहीही वाढा, कधी हात लोणच्याकडे जाईल, कधी पाण्याच्या तांब्याकडे, तोंडातून शब्द एकच, छान. मी आमटीत दोनदा मीठ घातलं, छान. दुसऱ्या दिवशी घालायचंच विसरले, छान. शेवटी शेजारणीला वाटीभर आमटी दिली ती वाटी तशीच झाकून परत आली तेव्हा उजेड पडला. मी यांच्यावर तुटून पडले, निदान एकदा तरी खरं सांगाल का. ते म्हणाले, चालण्यासारखी होती. त्या दिवसापासून मी मीठ चमच्याने मोजून घालते, जिभेला विचारायचं सोडून दिलं.

आणि अशात भाचीचं लग्न ठरलं. दादाची एकुलती एक मुलगी. घरी हळद, घरासमोर मंडप, गावजेवण, आणि आचारी तोच जुना, जो माझ्या वडिलांपुढे पान घेऊन उभा राहायचा. दादाचा फोन आला, "बाय, हलदीला तू चाखल्याबिगर पंगत नाय बसनार. बाबा नाय, तर तू हायस." मी हो म्हटलं, फोन ठेवला, डब्यातून मिठाचा खडा काढून जिभेवर ठेवला. किल्ली. दुसरा ठेवला. किल्लीचा जुडगा.

सांगायचं काय? जीभ गेली म्हणावं तर कशाने गेली, आणि थायरॉईडने जीभ जात नाही हे कुणीतरी नक्की म्हणणार, कारण गावात निम्म्या बायांना थायरॉईड. म्हणजे मग गोळी आली, गोळी आली की डोकं आलं. भाचीचं लग्न तोंडावर आणि आत्याच्या डोक्याची गोळी. मला तो मान सोडायचा नव्हता, हेही खरं. वडिलांचं माझ्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं, मिठागर नाही, शेत नाही, एक जीभ तेवढी.

मी डॉक्टरबाईंना विचारलं. म्हणजे माझ्या एका मैत्रिणीसाठी विचारलं, की तिने अशी गोळी थोडे दिवस बंद केली तर चव परत येते का. डॉक्टरबाई म्हणाल्या, "मैत्रिणीला सांगा, जीभ परत येईल की नाही ते मी सांगू शकत नाही. गच्चीवरचं मिठागर मात्र परत येऊ शकतं." मी म्हटलं, सांगते. आणि घरी येताना मनात ठरवून टाकलं की हळदीच्या आधीचे थोडे दिवस गोळीला सुट्टी द्यायची. हे रोज सकाळी पाण्याचा पेला घेऊन माझ्यासमोर उभे राहतात, गोळी गिळेपर्यंत हलत नाहीत. पण माहेरी कोण बघणार? लग्नाच्या तयारीचं निमित्त करून मी एकटीच आधी गेले. यांना वाटलं बहीण म्हणून चाललीय.

वहिनीने माझं असं केलं की विचारू नका. माझ्यासाठी वेगळं पातेलं, वेगळी आमटी, वेगळी भाजी. घरात पाहुण्यांची ही गर्दी आणि ती माझं ताट स्वतः वाढून आणायची, कुणाला हात लावू द्यायची नाही. मी म्हटलं कशाला एवढं, तर म्हणाली, "वन्स, तुमच्या तब्येतीचं मला समदं कळतं." मला भरून आलं. वहिनी इतकी मायाळू आहे हे मला इतक्या वर्षांत कळलं कसं नाही, याचं मी नवल करत राहिले आणि ताट चाटून पुसून संपवत राहिले.

पण त्या मायेने मला काही मानवेना. हात आधी थरथरायचा, तो आता फडफडायला लागला. मोगऱ्याचे गजरे करायला बसले तर सुई फुलात जाण्याऐवजी माझ्या बोटात. पोट बिघडलं. उठताना भिंत धरावी लागायची आणि बोलताना शब्द जरा लडबडायचे, भाची हसून म्हणाली, आत्या, आतापासूनच घेतली का? मी म्हटलं पाणी बाधलं असेल, ऊन बाधलं असेल. गोळी मी अजून रोज घेतच होते, सुट्टी हळदीच्या तोंडावर द्यायची होती. आणि मनात म्हटलं, बघ, ही गोळी आता फारच माजलीय, हिला उद्यापासूनच बंद करते.

त्या दिवशी दुपारी हे आले. शनिवारची अर्धी रजा टाकून, पिशवीत माझ्यासाठी शहाळं घेऊन. पडवीत आमची ताटं शेजारी शेजारी वाढली. माझ्याने दोन घास जाईनात, मी ताट सरकवलं. आता हे कोकणातल्या शिकवणुकीचे, पानात टाकलेलं अन्न यांना बघवत नाही. स्वतःचं ताट संपवून यांनी माझं ताट पुढे ओढलं आणि आमटीभाताचा घास तोंडात घातला.

घास तोंडात तसाच राहिला. यांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या हाताकडे बघितलं, ताटाकडे बघितलं. मग दुसरा घास भाजीचा घेतला. आणि लग्नाला इतकी वर्षं झाल्यानंतर, माझ्या माहेरच्या पडवीत, वीसेक पाहुण्यांदेखत हा माणूस म्हणाला, "याला मीठ नाही."

मला वाटलं जमीन दुभंगणार. दुसऱ्याच्या घरी, लग्नघरी, मीठ नाही म्हणतोय. पण वहिनी चुलीकडून पदराला हात पुसत बाहेर आली ती चक्क अभिमानाने. भिशीतल्या बायांकडून तिला कळलं होतं की थायरॉईडला मीठ म्हणजे विष. म्हणून मी आल्यापासून तिने माझं सगळं जेवण अळणी केलं होतं, कणभर मीठ पडू दिलं नव्हतं, आणि मी एका शब्दाने तक्रार केली नाही म्हणून तिला माझं फार कौतुक वाटत होतं. मीठ बघणाऱ्या बाईने आठवडाभर बिनमिठाचं खाऊन बोटं चाटली होती.

हे ताटावरून उठले, हात न धुताच डॉक्टरबाईंना फोन लावला. यांना मी कधी मोठ्याने बोलताना ऐकलं नव्हतं. त्यांनी सगळं बरोबर सांगितलं, थरथर, पोट, पाय, शब्द, मीठ. दवाखान्यात यांनी जी मान हलवली होती तिच्या आत सगळं शिरलं होतं तर. डॉक्टरबाई म्हणाल्या, पुढची गोळी देऊ नका आणि आहात तसे निघून या. दादाने मंडपाचे बांबू टेम्पोतून खाली टाकले आणि मला पुढे बसवलं.

रक्त तपासलं तेव्हा गोळी अंगात हवी त्यापेक्षा बरीच वर चढलेली निघाली. मी तिला हाकलायला निघाले होते आणि ती माझ्यात मुक्काम वाढवत होती. आणखी काही दिवस असेच गेले असते तर हळदीऐवजी भलतंच कार्य झालं असतं, असं डॉक्टरबाई म्हणाल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा म्हणाला. मला खाटेवर घातलं आणि सलाईन लावलं. दादा उशाशी उभा राहून त्या बाटलीकडे बराच वेळ बघत होता. सिस्टरला त्याने विचारलं, यात काय हाय. सिस्टर म्हणाली, मिठाचं पाणी. दादाने कपाळावर हात मारला.

मी ठरवलं, आता पुरे. वहिनी पायाशी रडत बसली होती आणि तिचं रडणं मला बघवेना. मी म्हटलं, "वहिनी, तुझी चूक नाही. मला थायरॉईड नाहीच. माझी डोक्याची गोळी आहे, तिनेच जीभही गेलीय. मला मीठ कळत नाही." एवढं बोलून मी डोळे मिटून घेतले, आता आभाळ कोसळू दे म्हणून.

वहिनीने नाक पुसलं. "मंग आधी नाय सांगायचं? मी तुमास अळनी घालून मारलं असतं की."

आणि दादा म्हणाला, "मला ठावं होतं, बाय. मंडपाच्या धंद्यात समदी मानसं बघतो मी. थायरॉईडवाल्या बाया मिठागर नाय काढीत."

मी हसायला लागले ते हसताना सुई हलली आणि सिस्टर ओरडली. इतके दिवस लपवलं ते कुणापासून, हेच मला कळेना. पण हसता हसता रडूही आलं, आणि ते दोघांनाही दिसलं, आणि कुणी तोंड फिरवलं नाही.

दोन दिवसांनी मी पायांवर उभी राहिले. डॉक्टरबाईंनी गोळी थोडी कमी करून पुन्हा सुरू केली आणि वहिनीला समोर बसवून मिठाचा धडा दिला, जो तिने पुढे गावातल्या सगळ्या बायांना दिला, त्यामुळे माझी गोष्ट सांगायची राहिली असं एकही घर आता उरलं नाही. जीभ मात्र आली नाही. सलाईनच्या बाटल्या गेल्या, किल्ली तिथेच.

हळदीच्या दिवशी मी पैठणी नेसले, पण चुलाणाकडे गेले नाही. वहिनीला म्हटलं, दुसऱ्या कुणाला तरी चाखू दे. पंगतीची वेळ झाली तसा आचारी केळीच्या पानाच्या तुकड्यावर आमटी घेऊन सरळ माझ्यापुढेच आला. त्याला सगळं कळलेलं होतं, कळलं नसतं तर नवल. तो पान धरून उभा राहिला, जसा वडिलांपुढे राहायचा. मागे लोक गोळा झाले. दादा दुसरीकडे बघायला लागला.

मी पान हातात घेतलं. ते थरथरलं, आमटी पैठणीवर सांडली. आणि मी ते शेजारी उभ्या असलेल्या यांच्या हातात दिलं. "चाखा," म्हटलं.

हे घाबरले. त्यांनी आमटी तोंडात घेतली आणि तोंड उघडायला गेले, तो शब्द छान होता हे मला ओठांवरूनच दिसत होतं. मी म्हटलं, बोलायचं नाही, नुसतं गिळा. आणि मी यांच्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं मी यांना वाढलं होतं पण पहिलं वर्ष सोडलं तर जेवताना असं बघितलं नव्हतं, माझी जीभ शाबूत असताना गरजच काय होती? यांनी घोट गिळला आणि यांचा हात, यांच्या नकळत, डावीकडे सरकला, पानावर लोणचं असतं तिथे. तिथे अर्थातच हवा होती.

मी आचाऱ्याला मूठ दाखवली.

त्याने मूठभर मीठ घातलं, ढवळलं, नवं पान आणलं. हे पुन्हा प्यायले. यावेळी हात कुठेच गेला नाही, ना लोणच्याकडे, ना तांब्याकडे. यांनी पानाचा तुकडा तिरपा करून तळाशी उरलेलं शोधलं आणि मग ओशाळून माझ्याकडे पाहिलं.

"बसू द्या पंगत," मी म्हटलं.

पंगत बसली. पार शेवटच्या माणसापर्यंत कुणी मीठ मागितलं नाही. शेवटच्या पंगतीत आम्ही दोघं शेजारी बसलो. वहिनीने स्वतः येऊन माझ्या पानात आमटी वाढली, आणि वाढल्यावर पानाच्या डाव्या कोपऱ्यात मिठाची एक छोटी रास घालून गेली, ती सगळ्यांनाच घालतात, पण माझी जरा मोठी होती. मी भात कालवला, घास घेतला. तोंडभर किल्ली.

हे माझ्याकडे बघत होते, लग्नाच्या पहिल्या वर्षी मी यांच्याकडे बघायची तसे.

"कशी झालीय?" यांनी विचारलं.

"छान," मी म्हटलं.